मुक्ताच्या हाताची जागा

लोक घर बांधतात आणि मग त्याला दार लावतात. हरिश्चंद्राने आधी दार घेतलं. लढाई संपून कुवेत पुन्हा सावरत होतं, बनेद अल-गारमधली जुनी घरं पाडली जात होती. तिथे एक सागवानी दार फुटपाथवर आडवं पडलेलं दिसलं आणि इस्पितळातले एसी दुरुस्त करणारा हा वेंगुर्ल्याचा गडी जागीच थबकला. हे लाकूड कधीकाळी आपल्याच किनाऱ्यावरून गलबतात बसून इथे आलं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. कुणाला विचारायच्या भानगडीत तो पडला नाही.

“घर खंय आसा? आणि दार कशाक हाडलात?” नर्सची ड्युटी करून दमून आलेल्या त्याच्या बायकोने, शैलाने, कपाळावर हात मारला.

“दाराच्या मागसून घर येतला,” तो म्हणाला.

फ्लॅटमध्ये दार उभं करायला जागा नव्हती. मग ते गेलं शहराबाहेर शेतमळ्यांच्या वफ्राला, यूनुसच्या शेडमध्ये. यूनुस तिथल्या खजुराच्या बागेची राखण करायचा, हरिश्चंद्राचा जुना दोस्त. त्याने दार विटांवर ठेवलं आणि बजावलं, “हरीभाई, यहाँ रेत में भी दीमक है.”

सागाला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण या दाराच्या मधल्या फळीला कुणीतरी केव्हातरी हलकं लाकूड जोडलेलं होतं. हरिश्चंद्राकडे त्यावर गावचा उपाय होता: काजूच्या टरफलांचं काळंकुट्ट तेल. दर सुट्टीहून येताना लोणच्याच्या बरणीत भरून तो ते आणायचा. एकदा शैला ती बरणी जेवायला उघडणार होती, थोडक्यात वाचली. त्या तेलाचा थेंब अंगावर पडला तरी कातडीवर फोड उठतात.

परत आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी तो वफ्राला जायचा. हातमोजे चढवून एकेक चीर तेलाने भरायचा. बाहेर खजुराच्या झावळ्या सळसळायच्या आणि हळूहळू त्याच्याभोवती मनातलं घर उभं राहायचं. आधी सारवलेलं अंगण, मग पडवी, तुळस, कौलांवर माडांची सावली. शाळेतून त्याची मुलगी मुक्ता धावत यायची, दप्तर पाठीवर उडत असायचं, आणि दोन्ही हातांनी दार ढकलायची. दार घेतलं तेव्हा मुक्ता बालवाडीत होती. तिचा हात बरोबर मधल्या फळीवर पडायचा. त्या कोवळ्या हाताला हे तेल लागलं तर?  मग तो ब्रश तिथून वळवून घ्यायचा. तेवढी जागा दरवर्षी कोरी राहायची.

घर मात्र पुढे पुढे ढकललं गेलं. कधी मुक्ताची शाळा आडवी आली, कधी शैलाची नोकरी. एकविसावं शतक उजाडून काही वर्षं झाली, तेव्हा कुठे वेंगुर्ल्याला चौथरा बांधून झाला. दार गावी पाठवायचं ठरलं. हरिश्चंद्र मोठ्या ऐटीत बायको-मुलीला ते दाखवायला वफ्राला घेऊन गेला. बारावी झालेली मुक्ता महिन्याभरात कॉलेजसाठी पुण्याला निघणार होती.

यूनुसने आणि त्याने दार उचलून उभं केलं, तशी मधल्या फळीतून वाळवीची माती भसाभसा गळली. बाकी दार टणक होतं. फक्त तिथेच भोक पडलं होतं. यूनुस ओशाळून बाजूला झाला.

“सगळ्याक तेल लावलात आणि हयच कशाक नाय?” शैलाने विचारलं.

“मुक्ताचो हात लागतलो म्हणान,” हरिश्चंद्र पुटपुटला.

मुक्ता पुढे आली. भोक तिच्या कमरेलाही पोचत नव्हतं. तिने वाकून त्यात हात घातला. “बाबा, आय वॉज धिस स्मॉल?”

 इतकी वर्षं त्याने घराला पडवी काढली, माड वाढवले, पण त्या अंगणातल्या मुलीला काही वाढू दिलं नव्हतं. त्याला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

मुक्ताने हातमोजे उचलून त्याच्या हातात दिले. “आता सगळीकडे लाव, बाबा. मला काही होत नाही.”

त्याने ब्रश बुडवला आणि भोकाच्या कडेकडेने तेल लावायला घेतलं. डोळ्यांपुढे पुन्हा अंगण आलं, पडवी आली, माडांची सावलीही आली. दार आतून उघडलं. खांद्याला बॅग लावून मुक्ता बाहेर पडली, फाटकापाशी थांबून तिने हात हलवला, आणि पडवीत उभ्या राहिलेल्या हरिश्चंद्राने तिला जाऊ दिलं.