पाइप धुताना विचारलेला प्रश्न

अग्निशमन केंद्रात तिला सगळे डॉक्टरताई म्हणत. ती मनोविकारतज्ज्ञ होती. स्वतःचा दवाखाना सांभाळून जवानांसाठी इथे फुकट यायची. सुरुवातीला तिने एका खोलीत दोन खुर्च्या मांडून वाट पाहिली. चिटपाखरूही फिरकलं नाही. मग ती अंगणात उतरली आणि आगीवरून परत आलेले पाइप त्यांच्याबरोबर धुऊ लागली. हात कामात असले की त्यांची तोंडं उघडत.

बंबाचा ड्रायव्हर मात्र गप्पच असे. गोदामाच्या आगीत त्याचा बंबावरचा जोडीदार गेला होता. आज त्याने हातातलं आवडतं घड्याळ काढून केंद्रातल्या आचाऱ्याला देऊन टाकलं. आवडती वस्तू अशी देऊन टाकणं म्हणजे कधीकधी निरोपाची तयारी असते, हे ताईला ठाऊक होतं. ती त्याच्या शेजारी पाइप घासायला बसली.

"दादा, मरावंसं वाटतंय का?"

त्याचा ब्रश थांबला. "असं तोंडावर विचारतात होय?"

"आडून विचारलं तर तुम्ही आडूनच सांगाल."

"वाटतं. रोज." त्याला हुंदका फुटला. "साहेब रजा देतात, घरचे टीव्ही लावून देतात. हे कुणी विचारतच नव्हतं, ताई."

ताईने त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. त्याने स्वतःच तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग डाफरली, "आता मी मेले तरी तुम्हाला एकटं सोडायची नाही!"

बोलून तिने जीभ चावली. तो मात्र खो खो हसला.

ताईचा जीव भांड्यात पडला.