घोड्यावरचा डॉक्टर

माझ्याकडे वैद्यकशास्त्रातली बारा जुनी पदकं आहेत आणि त्यातलं एकही मला मिळालेलं नाही. मी तीस वर्षं नाशिकच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. त्याबद्दल पदक द्यायची पद्धत नाही. निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते महिनाभरात बंद पडलं. मग मी दुसऱ्यांची पदकं जमवायला लागलो. कुठल्या पदकावर परदेशी डॉक्टरचा चेहरा, कुठल्यावर रोग्याची नाडी बघणारा वैद्य, कुठल्यावर मुलाला लस टोचतानाचा प्रसंग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी कलावंतानं जीव ओतून घडवलेल्या या वस्तू!

बायको त्यांना 'तुमचे मेलेले डॉक्टर' म्हणते. "अहो, त्या मेलेल्या डॉक्टरांना जेवढं पुसता, तेवढं एकदा फ्रीजला पुसा!" तिचं काही चुकत नाही. डॉक्टर मेलेले आहेत आणि फ्रीज कळकट आहे.

आमच्या घरात चांदीची आणखी एक गोल वस्तू आहे. ती माझा थोरला भाऊ आहे. दादा सतरा वर्षांचा असताना तापानं गेला. तेव्हा आम्ही सायखेड्याला राहायचो. डॉक्टर निफाडहून यायचे होते, ते आले दुसऱ्या दिवशी दुपारी. असा कुणी अवेळी गेला की आमच्यात त्याचा चांदीचा टाक करतात. त्याला वीर म्हणायचं, देवघरात ठेवायचं आणि दर धुळवडीला वाजतगाजत गोदावरीवर नेऊन आंघोळ घालायची. आईनं कमरेचा छल्ला मोडून दादाचा टाक करून घेतला. सोनारानं रीतीप्रमाणे त्याला घोड्यावर बसवलं आणि हातात तलवार दिली. (दादा टांग्याच्या घोड्यालासुद्धा घाबरायचा!) आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे, तिला फारसं दिसत नाही. यंदा ती म्हणाली, "ह्या धुळवडीला मी सोता येनार नदीवर. पुढच्या वर्साचं काय खरं नाय."

होळीच्या सकाळी मी दादाला रिठ्याच्या पाण्यात सोडलं. दरवर्षी हे काम माझंच असतं. शेजारीच माझी पदकांची पेटी उघडी होती, निळ्या मखमलीत बारा खळगे. शहरातल्या हौशी मंडळींचं जुन्या नाण्या-पदकांचं दोन दिवसांचं प्रदर्शन होतं आणि अकराच्या आत पेटी तिथे पोचवायची होती. पाचव्या खळग्यातला पॅरिसचा दाढीवाला डॉक्टर जरा काळवंडलेला वाटला. जुनं पदक कधीही धुवायचं नसतं, हे मी दहा वर्षं लोकांना बजावून सांगत आलोय. म्हणून आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग त्यालाही त्याच वाटीत सोडलं.

"अहो, डोळ्यात थेंब घातले का?" आतून बायको ओरडली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब. घातले! ते घातले की दहा मिनिटं सगळं जग ताकातून बघितल्यासारखं दिसतं. नेमका तेव्हाच प्रदर्शनवाल्यांचा फोन आला, "काका, सगळ्यांच्या पेट्या आल्या, तुमचीच राहिलीय!" मी घाईघाईनं वाटीतून दोघांना काढलं, पुसलं, एकाला मखमलीत बसवलं आणि एकाला आईच्या लाल फडक्यात गुंडाळलं. दोघंही मला सारखेच गोल आणि सारखेच पांढरे दिसत होते.

धुळवडीला आईनं आत देवघरात बसून फडकं सोडलं, टाकाला कुंकू लावलं, खोबऱ्याच्या वाटीत ठेवलं आणि पुन्हा गुंडाळून माझ्या हाती दिलं. रामकुंडावर ही गर्दी! संबळ, हलगी, घरोघरचे वीर. "काका, नाचवा की वीर!" कुणीतरी म्हणालं. पासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून मी नाचलो. आई खुर्चीत बसून डोळे पुसत होती, ते बघून मलाही रडू फुटलं. तसाच रडत पाण्यात उतरलो, फडकं सोडलं, तर आतून पॅरिसचा दाढीवाला माझ्याकडे बघतोय. कपाळाला कुंकू!

पन्नास वर्षांत भावाची आंघोळ एकदाही चुकली नव्हती. आणि आईच्या बहुधा शेवटच्या धुळवडीला मी तिच्यासमोर भलत्याच माणसाला नाचवलं होतं! मी अंगठ्यानं दाढी झाकली.

"घाल की पानी," आई म्हणाली.

"घालतोय."

"डोक्यावरनं घाल."

डोक्यावरून घातलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्रदर्शनवाले!

"काका, अभिनंदन! उत्कृष्ट पदकाचं बक्षीस तुम्हाला! पुण्याचे परीक्षक तुमच्या पाचव्या पदकावर फिदा आहेत. म्हणतात, घोड्यावरून रोग्याकडे धाव घेणारा डॉक्टर! हातात ऑपरेशनची सुरी! असा नमुना त्यांनी जन्मात पाहिला नाही!"

"तो डॉक्टर नाही हो," मी कुजबुजलो.

"मग कोण?"

"पेशंट आहे!"

फोन बंद केला आणि आईपाशी जाऊन बसलो. लपवण्यात अर्थ नव्हता. "आई, एक चूक झालीय माझ्याकडून."

"दाढीचं ना?" आई म्हणाली. "सकाळी कुंकू लावतानाच बोटाला लागली. माझ्या पोराला कुठं मिसरूड फुटलं व्हतं!"

"मग बोलली का नाहीस?"

"उलटा करून चाचपला. मागं काठीला साप व्हता, दवाखान्याच्या पाटीवर असतो तसा. म्हनलं, डाक्टर आला." तिनं माझ्या हातातल्या फडक्यावर हात ठेवला. "लय उशीर केला त्यानं. पन आला ना? दारात आलेल्याला कुठं हाकलू? जा, आता माझ्या पोराला घिऊन ये. त्याला आंघूळ घातल्याबिगर मी हितनं उठनार नाय."

बायकोला आईपाशी बसवलं. ओल्या पायजम्यानं रिक्षा पकडली आणि तसाच प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरलो. परीक्षक भिंग घेऊन दादावर वाकले होते. "कलावंत कोण?" त्यांनी विचारलं. "सायखेड्याचा सोनार," मी म्हणालो, "आणि घोड्यावर बसलाय तो माझा भाऊ." ते भिंग खाली ठेवून बराच वेळ माझ्या पायजम्याकडे बघत राहिले. प्रशस्तिपत्रावर मात्र सही झालेली होती, ते त्यांनी परत घेतलं नाही.

ऊन उतरायच्या आत दादाची आंघोळ झाली. दाढीवाला डॉक्टर पुन्हा पेटीत गेला नाही. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला देवघरात, पोराच्या उशाशी. पुन्यांदा ताप आला म्हंजी?" पाचवा खळगा तेव्हापासून रिकामा आहे.

"आन ह्यो कागूद कसला?" तिनं विचारलं.

"दादाला बक्षीस मिळालं, उत्कृष्ट पदकाचं."

"मिळनारच," आई म्हणाली. तिला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. शाळेतही असंच होतं. पहिला नंबर दादाचा, आणि तो कागद सांभाळून घरी आणायचं काम माझं.