रोहिणीताईंना लागू न पडलेलं औषध

रोहिणी पगारे नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही फुप्फुसात पसरलेला. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुरू केली. शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना कॅन्सर ब्रेक लावून ठेवतो, हे औषध तो ब्रेक सोडवतं, एवढं त्यांना समजलं होतं.

हॉस्पिटलात औषध घेताना शेजारच्या खुर्चीवर पंचवटीत रिक्षा चालवणारे जमीलभाई असायचे. आजार तोच, औषधही तेच. सलाइन लागलं की त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. रोहिणीताई बोलायच्या कमी, पण ऐकत राहायच्या.

पुढच्या स्कॅनमध्ये जमीलभाईंच्या गाठी निम्म्याहून लहान झालेल्या दिसल्या. रोहिणीताईंच्या वाढल्या होत्या.

घरी धाकटी बहीण मीना रडवेली होऊन म्हणाली, "तू मनानं आधीच हरलीस, ताई. ते जमीलभाई बघ, कसे हसत असतात!"

बोलली ती मायेनंच, पण शब्द जिव्हारी लागले. रोहिणीताई स्वतःचीच उलटतपासणी घेऊ लागल्या. जेवण जात नव्हतं म्हणून असं झालं? की फार घाबरले म्हणून?

शेवटी मीनाला सोबत घेऊन त्या हॉस्पिटलात गेल्या आणि आपल्या डॉक्टर तेजलना सरळ विचारलं, "माझं काय चुकलं?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक पेशीत जनुकांचा सगळा संच असतो, पण सगळी जनुकं चालू नसतात. त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. त्यानुसार काही उघडी राहतात, काही बंद. कॅन्सरशी फार काळ झुंजून लढणाऱ्या पेशी थकल्या, की लढण्याची जनुकं घट्ट मिटून जातात. मग ब्रेक काढला तरी त्या उठत नाहीत. तुमच्यात असंच झालं असेल. खात्रीनं नाही सांगता येणार, पण हसण्या-रडण्यावर हे ठरत नाही."

मीनानं मान खाली घातली आणि बहिणीचा हात धरला. रोहिणीताईंना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

या खुणांवरच त्या हॉस्पिटलात एक अभ्यास चालू होता. त्यासाठी औषध लागू पडलेल्यांचं आणि न पडलेल्यांचं, दोघांचंही रक्त हवं होतं. "तुम्हाला स्वतःला याचा फायदा होणार नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रोहिणीताई तरी तयार झाल्या. नाही म्हणाले ते जमीलभाई.

"मॅडम, माझं तर चांगलं चाललंय. उगाच आणखी सुया कशाला?"

"तुमच्या पेशी जाग्या कशा झाल्या ते कळल्याशिवाय माझ्या का झाल्या नाहीत, ते कसं कळणार?" रोहिणीताईंनी विचारलं.

जमीलभाईंचं हसू मावळलं. मग बाही वर सारत म्हणाले, "बोलवा त्या सिस्टरला."

रोहिणीताईंना दुसऱ्या औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठी वाढायच्या थांबल्या. किती काळ, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. गोळ्यांमुळे तळपाय सोलवटतात, जिभेची चव गेली आहे. संध्याकाळी कॉलनीतली मुलं गणितं घेऊन येतात, तेव्हा मात्र त्या पूर्वीसारख्याच कडक असतात.

अभ्यासाचं उत्तर यायला अजून काही वर्षं लागतील. तोवर त्या रक्ताचा नमुना द्यायला जातात. मागच्या खेपेला शीर सापडेना, सिस्टरनं पुन्हा पुन्हा टोचलं, तेव्हा मितभाषी रोहिणीताई "अगं, जरा बघून!" असं खेकसल्याच. आणि मग दुसरा हात पुढे केला.