हजेरीला एकच बाई

मुसळ कसं धरायचं ते मला कोणी शिकवलं नाही. हजेरी मात्र शिकवावी लागली, आणि तीही चांगला घोळ घातल्यावर. लेक म्हणते, तू सांग, मी लिहून घेते. घे बाई, लिही.

साठ सालाच्या मागेपुढे असेल. आमचा पाडा धसईच्या कडेला, जमीन नावालाही नाही. दिवाळी झाली की माणसं कोळशाच्या भट्टीवर निघायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. मुकादमाला दर घरातून एक गडी आणि एक बाई लागे. माझं पहिलं मूल त्या भट्टीच्या धुरातच गेलं. म्हणून पुन्हा दिवस राहिले तशी मी धोशाच लावला, मी भट्टीवर जायची नाय, मारून टाका!

त्याच सुमारास धसईच्या बाजारात एका शेटनं हातसडीच्या तांदळाचं काम काढलं. शेट कसला, पत्र्याखाली चार उखळं मांडून बसलेला माणूस! गिरणीपुढे त्याचा टिकाव लागेना, म्हणून सरकार दर बाईच्या मजुरीत भर घालणार होतं. अट एवढीच, की बाईचं नाव हजेरीपटावर हवं आणि वर्षभर तीच बाई कामावर हवी. शेटनं माझं नाव घातलं. वर्षभराचं काम! मला आभाळ ठेंगणं झालं. मुकादमाला काय सांगायचं ते दिवाळीला बघू, असं घरात ठरलं.

आता आमच्याकडची रीत अशी, की काम माणसाचं नसतं, घराचं असतं. लावणीला सून आजारी पडली तर सासू उभी राहते, कोणी विचारत नाही. एक दिवस मला चक्कर यायला लागली, तर माझ्या जागी सासू गेली. तिला मी आत्या म्हणायची. नेमका त्याच दिवशी तपासणीचा साहेब आला.

"नाव काय बाई?"

आत्यानं बेधडक माझं नाव सांगितलं. साहेबानं पटावर खूण केली. तेवढ्यात मी तिची भाकरी घेऊन पोचले, आणि शेजारच्या उखळावरची बाई ओरडली, "आली गो, खरी ती आली!" झालं!

साहेब तापला. "एका नावाच्या दोन बाया?" शेटला घाम फुटला, मदत बंद झाली तर त्याचं दुकानच उठणार होतं. आत्या मात्र साहेबालाच समजावायला लागली, "काम आमच्या घरचं हाय, साहेब. आज ती नाय, तर मी. तांदूळ कमी पडला काय?"

साहेबानं उखळातले दाणे हातावर घेऊन बघितले आणि हसला. देव त्याचं भलं करो. म्हणाला, "आजी, सरकारला घर कळत नाही, एकच बाई कळते. तुमच्यातली कोण, ते आत्ता सांगा. यापुढे दुसरी दिसली तर काम बंद."

जी राहील तिची भट्टी चुकणार, दुसरीला जावं लागणार. आत्याची छाती धुरानं आधीच पोखरलेली, खोकला लागला की अख्खा पाडा जागा व्हायचा. तिच्यापुढे मी कुठल्या तोंडानं बोलू?

आत्यानं मुसळ माझ्या हातात दिलं. "हिला ठेवा." मग माझ्यावरच खेकसली, "बघत काय उभी? कांड की!"

दिवाळीनंतर ती माझ्या नवऱ्याबरोबर भट्टीवर गेली. इकडे पोट वाढलं तसं शेटनं मला पाखडायला सावलीत बसवलं, आणि मजुरी दर बाजाराला माझ्याच हातात दिली. त्या माणसाचे उपकार मी विसरायची नाही. फाल्गुनात मुलगी झाली, धडधाकट, घसा फाडून रडणारी.

वैशाखात आत्या परतली, काळीठिक्कर, निम्मी झालेली. हातही न धुता तिनं पोर उचलली. पोरीच्या गालावर कोळशाची बोटं उमटली. मी पदरानं पुसायला गेले तर माझा हात झटकून म्हणाली, "राहू दे गो. भट्टी हिला एवढीच लागू दे."

तेवढीच लागली, आत्या.