रुद्रभूमीतलं घनवन

उमाबाई सरपंच झाल्या त्या वर्षी तालुक्याच्या बैठकीत फर्मान निघालं: हवामान बदलासाठी प्रत्येक गावानं आपलं उद्दिष्ट ठरवावं. सौरदिवे जमण्यासारखे होते. झाडांना मात्र जागा हवी, आणि गायरानावर कधीच घरं उठली होती. उरली ओढ्याकाठची रुद्रभूमी, लिंगायतांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं बसवून पुरलेली.

ग्रामसभेत चुलत सासरे महादेवप्पा तेवढे उठले. "तिथं आपली माणसं बसलेली हायती, उमा. त्यांच्या अंगावर झाडं लावता?"

"अंगावर न्हाई अप्पा, कडंनं. उन्हापरीस सावली बरी न्हाई का? पहिलं रोप तुमच्याच हातानं लावू."

उमाबाईंचा शब्द गावात चालायचा. अप्पांनी बायकोच्या समाधीशेजारी बेल लावला. पाठोपाठ पावसाळ्यात बाकीची रोपं दाटीनं लागली, घनवन झालं.

एप्रिलात बोअर आटला. टँकरचं पाणी उमाबाईंनी घरांना दिलं, झाडांना नाही. मे महिन्यात सगळ्या वनाच्या काटक्या झाल्या. अप्पांचा बेल तेवढा तगला; आपल्या वाटणीच्या पाण्यातलं ते त्याला घालायचे.

मग ग्रामसेवक सांगत आला, "तपासणीचं पथक यायलंय. झाडं दिसली न्हाईत तर पाणी योजनेत आपलं गाव मागं पडंल. मशीननं चर मारू, नवी रोपं लावू."

पाण्याचं नाव निघालं तशी उमाबाईंनी मान हलवली. समाध्यांभोवती चुना आखायला मात्र त्यांनी बजावून सांगितलं. चुना आखलाही, पण वळवाच्या सरीत तो वाहून गेला. मशीन आलं त्या दिवशी त्या लातूरला बैठकीत होत्या. फोन आला तशा उठून निघाल्या.

अप्पा चराच्या काठावर बसले होते. शेजारी बेल मुळासकट आडवा पडला होता. मांडीवरच्या उपरण्यात त्यांनी जे गोळा केलं होतं, ते उमाबाईंना बघवलं नाही. वर मातीनं माखलेलं इष्टलिंग होतं, बायकोच्या हातात ठेवून त्यांनीच पुरलेलं.

"अप्पा..."

"पाणी घरला दिलंस, बरोबर केलंस," अप्पा म्हणाले. "हे कशाला केलंस?"



पथक आलं, हिरव्या रोपांचे फोटो काढून गेलं. गावाचं उद्दिष्ट पूर्ण झालं. लातूरच्या सत्काराला उमाबाईंना जावंच लागलं. टाळ्या वाजत असताना त्यांना फक्त ते उपरणं दिसत होतं.

दिवाळीनंतर अप्पा गेले. मुलानं, शिवप्रसादनं, त्यांना शेतात समाधी दिली, आईच्या अस्थी नेऊन पुरल्या होत्या त्यांच्याशेजारी. उमाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या आणि लांब उभ्या राहिल्या. मूठमातीच्या वेळी शिवप्रसादनं त्यांच्याकडं पाहिलं आणि तो बाजूला सरकला. त्यांनी माती टाकली. रडायचाही हक्क आपल्याला राहिला नाही, असं त्यांना वाटलं.

आता शेतवाले आपापल्या बांधालाच पुरतात. ज्यांना शेत नाही ते रुद्रभूमीत येतात, रोपांमधून जागा शोधतात. झाडांचा आकडा घटू नये म्हणून रोप काढायला पंचायतीची परवानगी लागते. घरात प्रेत ठेवून ती माणसं उमाबाईंच्या दारात येऊन उभी राहतात.