पेन्सिलीतली ओळ

पोरांनो, तुम्ही फोनवर आनंदाने ओरडलात, ‘आजी, त्याच्या वहीत तुझं नाव आहे!’ आणि मी म्हणाले, ‘असं फोनवरून कळलेलं धरता येत नाही.’ तुम्ही फोन ठेवून दिलात. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या नॉर्वेतल्या शाळेमागे ज्याच्या घरावर रेडिओचा उंच खांब आहे, त्याच्याशी संपर्क साधायचा असे मी ठरवले होते. माझी गच्चीवरची तार आणि छोटा संच. एवढ्या लांब आवाज पोचत नाही. म्हणून संगणकाकडून ठरावीक संदेश पाठवायचे. पंधरा सेकंद त्याची पाळी, पंधरा माझी. गोंगाटाखाली दबलेला क्षीण संदेशही संगणक शोधून काढतो. शेवटी त्याचे ‘पोचले’ आले, की वहीत नोंद.

पण यंदाच्या दुष्काळात आमच्या गारखेड्यात दर नव्या इमारतीला बोअर आणि मोटर. मोटरी सुरू झाल्या की पडद्यावर नुसती खरखर. लाईट गेली की मोटरी बंद, मग मी बॅटरीवर संच लावून बसायची. लाईट गेली की लोक वैतागायचे, मी ती कधी जाते म्हणून घड्याळ पाहत येरझारा घालायची.

त्या संध्याकाळी लाईट नव्हती आणि तो सापडला. त्याची हाक, माझे उत्तर, मग मी त्याला किती क्षीण ऐकू येते तो त्याने पाठवलेला आकडा. तेवढ्यात लाईट आली; मोटरी अजून सुरू व्हायच्या होत्या. दारात खालच्या मजल्यावरची शेजारीण.

“काकू, मोटरीची किल्ली द्या! टँकरनं हौद भरलाय अन् वर टाकीत थेंब नाय.”

पाण्याचे वेळापत्रक मीच केलेले, म्हणून किल्ली माझ्याकडे.

“एक मिनिट गं.”

“मघाशी बी एकच म्हणलात. कुणाशी बोलायलात?”

“बोलत नाही, टाईप करते.”

“मंग जरा भरभर करा की! पोरं बिनाआंघोळीची बसलीत.”

तो मला किती क्षीण ऐकू येतो, तो माझा आकडा गेला. आता फक्त त्याचे ‘पोचले’ यायचे होते. वेळापत्रकातली मोटरीची वेळ मात्र झाली होती. मी किल्ली दिली. त्याच्या पाळीच्या मध्येच मोटर घरघरली आणि पडदा खरखरीने भरला.

त्याने ‘पोचले’ पाठवले असणार, म्हणूनच त्याच्या वहीत मी आहे. पण ते मला रेडिओवरच मिळायला हवे. फोनवरून कळलेले चालत नाही. म्हणून माझ्या वहीत त्या संपर्काची ओळ मी पेन्सिलीनेच लिहून ठेवली आहे. तुमच्यावर रागावले नव्हते रे. ती ओळ बोचत होती.

किल्ली आता शेजारणीकडेच असते. रोज साडेपाचला मी जिन्यातून विचारते, “टाकी भरली का गं?”

“भरली काकू. बोला आता निवांत.”