काकांची गेटिसबर्ग

आखातातल्या आमच्या अख्ख्या अल कुसैस वस्तीत कुठल्याही विषयावरून अमेरिकन युद्धनौकेवर येऊन पोहोचणारा माणूस एकच, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. बिल्डिंगमधले सगळे त्यांना काका म्हणतात. बंदरात जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या कंपनीत ते आहेत. काही वर्षांपूर्वी जबल अलीच्या धक्क्यावर त्यांनी 'गेटिसबर्ग' ही युद्धनौका पाहिली आणि तेव्हापासून मनाने ते तिच्यावरच नोकरीला आहेत. लिफ्ट बंद पडली, की "गेटिसबर्गवर असलं खपवून घेत नाहीत." जेवायला उशीर झाला, की "तिथे शेकडो माणसांचं ताट वेळेवर येतं." एका गणपतीत त्यांनी थर्माकोलची युद्धनौका करून तिच्या डेकवर बाप्पा बसवले. काकू म्हणाल्या, "देवापुढे तोफा नकोत हं." काकांनी तोफा काढल्या नाहीत, प्रत्येक नळीत एकेक झेंडू खोवला.

एकदा चहा पिताना मी विचारलंच, "काका, एवढं काय आहे त्या बोटीत?"

"कोबीचे क्रेट चढवताना तिथल्या एका पोराला मी विचारलं, गेटिसबर्ग कोण, तुमचा राजा? तो म्हणाला, नाही, गाव आहे. तिथे आमचीच माणसं आमच्याच माणसांशी लढली. त्याच्या घराण्यातले दोन भाऊ दोन बाजूंना होते म्हणे. आणि आता दोन्हीकडची पोरं एकाच बोटीवर. मला फार बरं वाटलं रे ते ऐकून."

आतून काकू म्हणाल्या, "स्वतःचा भाऊ अल ऐनला आहे, दीड तासावर. त्याला फोन करायला मात्र हात उचलत नाही."

काकांनी चहा तसाच ठेवला. वडिलांच्या शेवटच्या आजारात नोकरी सोडून गावी कोणी जायचं, यावरून दोघा भावांचं वाजलं होतं. कोणीच वेळेवर पोहोचलं नाही आणि मग बोलणं खलास.

गेल्या महिन्यात काकांच्या वहिनींचा फोन आला. थोरल्या भावाची बायपास झाली होती. काका खाली येऊन म्हणाले, "तू गाडी काढतोस? अल ऐनला जायचंय." अल ऐनपर्यंत त्यांनी युद्धनौकेचं नावसुद्धा काढलं नाही.

हॉस्पिटलमध्ये भाऊ उशांना टेकून बसले होते.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"ट्रॅफिक होतं, दादा."

दादांना हसू फुटलं. छातीवर हात दाबून ते म्हणाले, "हसवू नकोस, टाके दुखतात." मग काका स्टूल ओढून बसले आणि त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देऊ लागले, एकेक बी काढून. वहिनी दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

परतताना काका खिडकीबाहेरच्या वाळूकडे बघत होते.

"शनिवारी परत जाऊ. इन्शाल्ला," ते म्हणाले. "जाऊ की," मी म्हटलं.

थोड्या वेळाने, जणू माझ्याशी नव्हेच, ते म्हणाले, "दादाचे केस सगळे पांढरे झाले रे. मला कोणी सांगितलंच नाही."